वशिंडवाल्या गाईची जुनी वंशावळ

पोळ्याच्या आदल्या दिवशी धनजला आम्ही बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतो. त्या खांद्यावरच्या वशिंडाची गोष्ट फार जुनी आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढ भागात सुमारे ८,००० वर्षांपूर्वी वशिंडाची गाय माणसाळली.

डीएनए म्हणजे जिवाच्या अंगातली वंशावळ. त्यातला एक भाग फक्त आईकडून येतो. २०१९ साली संशोधकांनी पश्चिम आशिया आणि आसपासच्या ६७ प्राचीन गुरांचा डीएनए वाचला. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी तिकडे मोठा दुष्काळ पडला. त्यानंतरच्या गुरांत वशिंडाच्या जातीचं रक्त दिसतं, पण आईकडचा भाग बहुतेक तिकडचाच आहे. म्हणजे उन्हातान्हात टिकणारे वळू लोकांनी मुद्दाम नेले असावेत.

आपल्या उष्ण हवेत जुन्या हाडांतला डीएनए लवकर नासतो. म्हणून वर्ध्याकडची गवळाऊ असो की आपली गावरान, जिवंत गाय हाच आपला मोठा पुरावा. गावातली शेवटची गावरान गाय गेली, की ती अस्सल जात गावातून संपते.

गटाच्या कर्जाचा हप्ता दुधावर फिटतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. संकरित गाय जरूर घ्या. पण गोठ्यात एक गावरान कालवड राहू द्या. दुष्काळ आपल्यालाही नवा नाही.