कष्टकरी हातासाठी लग्नाची अंगठी

यंत्रशाळेत पाऊल टाकण्यापूर्वी घड्याळ, कडे आणि अंगठी उतरवून ठेवायची, हा धडा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी मिळतो. नांदेडलगतच्या विष्णुपुरीत १९८१ साली श्री गुरू गोविंदसिंगजी यांच्या नावाने अभियांत्रिकी शिक्षण संस्था उभी राहिली. तिच्याच परिसरात गोदावरीवरील शंकर सागर जलाशय आहे, त्यावर अवलंबून असलेली बागायत आहे, बांधकामे आहेत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. यंत्रशाळेच्या भिंतीबाहेर मात्र गवंड्याला, वायरमनला, ट्रॅक्टरचालकाला किंवा कडबा कुट्टीवर बसणाऱ्या शेतकऱ्याला हा धडा देणारे सहसा कोणी नसते. त्यातच साखरपुड्यात घातलेली अंगठी उतरवणे अशुभ, अशी समजूत घरात असली तर ती अंगठी रात्रंदिवस बोटातच राहते.

धोका नेमका कशात आहे, हे आधी पाहू. अंगठीने होणारी सर्वांत भीषण इजा बहुधा उडी मारताना किंवा घसरताना होते. ट्रॉलीच्या फाळक्याला, ट्रकच्या आकड्याला किंवा भिंतीतून डोकावणाऱ्या सळईला अंगठी अडकते आणि शरीराचा सगळा भार त्या एका बोटावर येतो. कातडी, रक्तवाहिन्या आणि नसा हातमोजा उलटा काढावा तशा सोलून निघतात. शल्यचिकित्सक या इजेचे तीन वर्ग करतात. पहिल्यात बोटाचा रक्तपुरवठा शाबूत असतो, दुसऱ्यात तो तुटतो, तर तिसऱ्यात कातडी संपूर्ण सोलली जाते किंवा बोटच तुटते. यंत्र हवेच असे नाही. अमेरिकेतील दूरचित्रवाणी निवेदक जिमी फॅलन २०१५ साली स्वतःच्या स्वयंपाकघरात पाय अडखळून पडले आणि लग्नाची अंगठी ओट्याच्या कडेला अडकली. बोट वाचवण्यासाठी त्यांच्यावर सहा तासांची शस्त्रक्रिया करावी लागली.

गॅरेजमध्ये आणि विजेच्या कामात धोका वेगळा असतो. सोने व चांदी हे विजेचे उत्तम वाहक. बॅटरीचे टोक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये अंगठी आली, तर अवघ्या १२ व्होल्टच्या बॅटरीनेही ती क्षणात तापते आणि बोटाभोवती गोल भाजते. गवंडीकामात ओला सिमेंट अंगठीखाली साचून राहतो. तो तीव्र अल्कधर्मी असल्याने कातडी लाल होते, फुटते, चिघळते. सुताराला आणि शेतमजुराला त्रास होतो तो बोट सुजल्यावर. मुका मार लागला किंवा विंचू चावला, की अंगठी निघत नाही आणि तिच्यापुढे रक्त अडते.

म्हणून अशा हातासाठी अंगठी निवडताना पहिला प्रश्न सोन्याचा नाही, नक्षीचाही नाही. ही अंगठी चटकन उतरवता येईल का आणि अडकलीच तर कापता येईल का, हे आधी पाहावे.

या निकषावर आपले जुने, बिनखड्याचे साधे वळे फार शहाणपणाचे ठरते. कडा गोलसर, आतील बाजू किंचित फुगीर, रुंदी तीन ते चार मिलिमीटर. रुंद पट्ट्याखाली घाम आणि मळ अधिक साचतो, शिवाय तो सांध्यावरून सरकत नाही. खडा हवाच असेल तर तो पृष्ठभागाच्या आत बसवलेला, चहूबाजूंनी सोन्याने बंद केलेला असावा. ग्रहांसाठी घालतात त्या उंच बैठकीच्या अंगठ्या कामाच्या हाताला सर्वांत गैरसोयीच्या. त्यातही मोती नाजूक. वाळू आणि घाम त्याचे तेज पाहता पाहता घालवतात.

धातूंमध्ये २२ कॅरट सोने, म्हणजे ९१६ शुद्धतेचे, मऊ असते. त्यावर चरे लवकर पडतात आणि रोजच्या घासण्याने ते झिजते. १८ कॅरट, म्हणजे ७५० शुद्धतेचे सोने अधिक कणखर. चार मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड वळे मध्यम बोटासाठी २२ कॅरटमध्ये सुमारे पावणेसात ग्रॅमचे होईल, १८ कॅरटमध्ये सहा ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे १८ कॅरट म्हणजे ‘कमी सोने’ असे मानून वधूपिते संकोचतात, पण येथे तो संकोच अनाठायी आहे. सोन्याचा खरा गुण असा, की अडचणीच्या वेळी ते सहज कापता येते आणि नंतर सोनार ते झाळून पूर्ववत करून देतो.

हल्ली टायटॅनियम आणि टंगस्टन कार्बाइडच्या अंगठ्याही मिळतात. टायटॅनियम हलके व चिवट. ते कापता येते, मात्र साध्या अंगठी-कातरीला दाद देत नाही, चांगले पाते लागते. टंगस्टन कार्बाइडवर चरा उमटत नाही, पण ते ठिसूळ असते. ते कापत नाहीत, पकडीने दाबून तडकवावे लागते, आणि त्याचे माप पुढे कधीच वाढवता येत नाही. कष्टाने बोटांचे सांधे वर्षागणिक जाडावत जातात, हे लक्षात घेता हा दोष लहान नव्हे. यांहून उपयुक्त वस्तू म्हणजे सिलिकॉनची अंगठी. ती काही शे रुपयांत मिळते, जोराचा ताण आला की तुटते आणि वीज वाहून नेत नाही. समारंभासाठी सोन्याची आणि कामासाठी ही, असा जोड अनेकांना सोयीचा पडेल. फिरत्या यंत्रापाशी मात्र बोट मोकळेच हवे.

माप सायंकाळी घ्यावे. सकाळी बोट बारीक असते, दिवसभराच्या कामाने आणि नांदेडच्या उन्हाळ्याने ते फुगते. कष्टकरी हातात सांधा बोटाच्या मुळापेक्षा जाड असतो, म्हणून दोन्ही ठिकाणी मापून मधले माप धरावे. थोडा जोर लावून सांध्यावरून उतरावी, इतपत सैल पुरे.

खरेदीच्या वेळी एक बाब विसरू नये. १६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्किंग सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांच्या एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अॅपवर पडताळता येतो. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला यातून सूट आहे. नाजूक अंगठी बरेचदा याच वजनात बसते, तेव्हा तिची शुद्धता पावतीवर लिहून घ्यावी.

राहिला प्रश्न अशुभाचा. आपल्या विवाहविधीत मंगळसूत्र आहे, सप्तपदी आहे, वधूच्या पायात जोडवी आहेत. अंगठीचे स्थान साखरपुड्यातले, आणि तेही हौसेचे. ती दिवसभर घरी ठेवल्याने कोणताही विधी मोडत नाही. घरातील वडीलधाऱ्यांनीच हे नवरदेवाला, आणि शेतात किंवा कारखान्यात राबणाऱ्या नव्या सुनेलाही, लग्नाच्या गडबडीत सांगून टाकावे. बायकोने स्वतः ‘कामावर जाताना काढत जा’ म्हटले तर ते आणखी सोपे. ठेवण्याची जागा ठरलेली असावी. देवघरातील डबी उत्तम. कामावर जाऊनच काढायची असेल तर पुरुषांनी ती करदोड्यात ओवून कपड्याच्या आत ठेवावी, जशी पूर्वी किल्ली ओवत. गळ्यातील साखळीत लोंबती ठेवणे टाळावे, वाकताना ती यंत्राकडे झुकते.

बोट सुजून अंगठी अडकली तर हात वर धरावा, थंड पाण्यात बुडवावा, साबण किंवा तेल लावून गोल फिरवत काढावी. तरीही न निघाल्यास मजबूत दोऱ्याचे एक टोक अंगठीखालून मनगटाकडे काढावे, उरलेला दोरा सांध्यापलीकडेपर्यंत बोटाला दाटून गुंडाळावा आणि मनगटाकडचे टोक ओढत उलगडावा. अंगठी दोऱ्यावरून पुढे सरकते. बोट निळे पडले किंवा बधिर झाले तर मात्र घरगुती प्रयोग सोडून थेट रुग्णालय गाठावे. बोट तुटलेच, तर तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी आणि रुग्णासोबतच न्यावी. बर्फ त्या भागाला थेट लागू देऊ नये.