डुकराच्या हाडातला चुना आला कुठून?

जनावरांच्या आहारावर संशोधन करायचं म्हटलं की आपण आधी तक्ता उघडतो. मक्यात कॅल्शियम किती, सरकीच्या ढेपेत फॉस्फरस किती. गुणाकार करायचा, बेरीज मारायची, झालं. पण जनावराच्या पोटात जाणारं सगळंच त्या तक्त्यात असतं का? आणि पोटात गेलेलं सगळंच अंगी लागतं का? या दोन प्रश्नांचा इतिहास वाढत्या डुकरांच्या हाडांत सापडतो.

पहिला प्रश्न फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांचा. अल्सासमधल्या आपल्या शेतावर त्यांनी केलेला अभ्यास १८४६ मध्ये छापून आला. पद्धत साधी, जमाखर्चाची. वेगवेगळ्या वयाची डुकरं कापायची, हाडं जाळून राख तोलायची आणि मधल्या काळात हाडांत जमलेला चुना खाद्यातल्या चुन्याशी ताडून पाहायचा. बटाट्यांवर ठेवलेल्या डुकराचा हिशेब काही जुळेना. जमा जास्त, आवक कमी. पिण्याच्या पाण्यातला चुना धरला तेव्हा कुठे तूट भरून निघाली.

हे कसं शक्य आहे, ते आजच्या आकड्यांनी पाहू. समजा, डुक्कर रोज २ किलो निव्वळ मका खातं. त्यातून कॅल्शियम मिळतं जेमतेम अर्धा ग्रॅम. ते ५ लिटर पाणी पितं आणि लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, तर पाण्यातूनही अर्धा ग्रॅमच! म्हणजे निम्मा वाटा पाण्याचा. तेच खाद्यात क्षारमिश्रण घालून रोजचं १२ ग्रॅम कॅल्शियम दिलं, तर पाण्याचा वाटा नगण्य ठरतो.

दुसरा प्रश्न फॉस्फरसचा. १९०९ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन इथे हार्ट, मॅक्कॉलम आणि फुलर यांनी डुकरांना फॉस्फरस कमी असलेलं खाद्य दिलं. पिल्लं सुरुवातीला बरी वाढली, पुढे खंगली. हाडांतली राख घटली. साधं कॅल्शियम फॉस्फेट दिलेली मात्र धडधाकट राहिली. खनिज रूपातला फॉस्फरसही चालतो, हे त्यातून दिसलं.

मग धान्यातल्या फॉस्फरसचं काय? त्यातला सुमारे दोन-तृतीयांश फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि डुकराला तो नीट पचत नाही. बराचसा शेणावाटे बाहेर जातो. फायटेट फोडणारं विकर, फायटेज, जपानी संशोधकांना १९०७ मध्येच तांदळाच्या कोंड्यात सापडलं होतं. पण ते खाद्यात मिसळण्यासाठी बाजारात यायला १९९१ उजाडलं. तेही नेदरलँड्समध्ये, कारण तिथे डुकरांच्या शेणातला फॉस्फरस जमिनीला आणि पाण्याला जड झाला होता. त्यात आणखी एक मेख आहे: कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त झालं की ते फायटेटशी बांधलं जातं आणि फॉस्फरस आणखीच कमी मिळतो. म्हणून दोघांचा हिशेब वेगवेगळा मांडून चालत नाही.

आता हे आपल्या तेल्हाऱ्यात आणून बघा. तालुक्याचा बराच भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. इथे पाण्याचा रकाना कोरा ठेवून सिनॉप्सिस लिहिणं म्हणजे बूसँगोच्याही मागे जाणं. पण उलटी घाईही नको. पाणी खारं लागलं म्हणजे त्यात कॅल्शियम भरपूर, असं नसतं. या पट्ट्यातल्या खारेपणात सोडियमचा मोठा हात आहे. जीभ सोडियम आणि कॅल्शियमचा हिशेब वेगळा करून देत नाही, ते प्रयोगशाळेतच करावं लागतं. शिवाय अनेक गावांत आता वान धरणाचं पाणी नळाला येतं. जनावर नळाचं पितं, बोअरचं की नाल्याचं, हे नोंदवल्याशिवाय नुसतं ‘तेल्हाऱ्याचं पाणी’ लिहून काही कळत नाही.

तेव्हा आराखड्यात तीन रकाने ठेवा: खाद्यातून किती आलं, पाण्यातून किती आलं आणि शेण-मुतातून किती गेलं. अंगी किती लागलं, ते या तिन्हींच्या वजाबाकीतूनच कळतं. एक रकाना राहिला तर उत्तर येतं खरं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं असतं.