निळे पडणारे मूल घरी सांभाळताना

‘टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो’ या जन्मजात हृदयविकाराचे सविस्तर वर्णन फ्रेंच वैद्य फॅलो यांनी १८८८ मध्ये केले. हृदयाच्या पडद्याला छिद्र आणि फुप्फुसाकडे जाणारा मार्ग अरुंद, ही त्यातील मुख्य वैगुण्ये. अशुद्ध रक्त शरीरभर जाते व ओठ, नखे निळसर दिसतात. शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या वर्षात व्हावी. आपल्याकडे अनेकांना ती उशिरा मिळते.

तोवर चालू लागलेले मूल खेळता खेळता उकिडवे बसते. त्याला आळशी म्हणून उठवू नये. त्या बसण्याने पायांतील रक्तवाहिन्या दबतात आणि फुप्फुसाकडे अधिक रक्त वळते. रडताना किंवा कुंथताना निळेपणा एकाएकी वाढला, धाप लागली, तर मुलाचे गुडघे छातीशी दुमडून धरावेत, त्याला शांत करावे व तत्काळ रुग्णालय गाठावे. आजी-आजोबांना, पाळणाघरातील मावशींनाही हे प्रत्यक्ष करून दाखवावे. झटका आई घरी असतानाच येतो असे नाही.

रक्त आधीच दाट असल्याने जुलाब-उलट्यांत शरीरातील पाणी कमी होऊ देऊ नये. दातही जपावेत, कारण तोंडातील जंतू रक्तावाटे हृदयाच्या अस्तरापर्यंत पोहोचू शकतात.