अंतर्धानाचे गोत्र

वॉरंट बजावण्यास गेलेला शिपाई हात हलवीत परत आला आणि हा मनुष्य मुद्दाम तोंड चुकवीत आहे अशी अदालतीची खात्री पटली, म्हणजे त्याच्या नावाने जाहीरनामा निघतो. तो त्याच्या गावात चारचौघांसमक्ष वाचला जातो, घराच्या दर्शनी भागी डकविला जातो, त्याची एक प्रत कचेरीच्या भिंतीवर लागते, आणि किमान ३० दिवसांची मुदत देऊन त्यास हजर होण्याचे फर्मान सुटते; न आल्यास मिळकतीवर जप्ती. इंग्रजी कायद्यात अशा मनुष्याच्या वर्तनास जे क्रियापद योजिले आहे ते ‘अ‍ॅब्स्कॉन्ड’. आणि त्या क्रियापदाचा अर्थ घोड नदीच्या खोऱ्याने, म्हणजे डिंभ्यापासून पश्चिमेस सह्याद्रीच्या कड्यापर्यंतच्या मुलुखाने, जितक्या जवळून पाहिला तितका तो महाराष्ट्रात फार थोड्यांनी पाहिला असेल.

हे क्रियापद जन्मतः गुन्हेगार नव्हे. लॅटिनमधील ‘कोन्देरे’ म्हणजे एकत्र करून ठेवणे, साठविणे, आणि त्यावरूनच पुरणे, झाकणे, इतकेच नव्हे तर नगर वसविणेही; रोमन लोक आपल्या शहराच्या स्थापनेपासून वर्षे मोजीत, ती याच धातूच्या रूपाने. साठविणे आणि लपविणे या दोन क्रिया एकाच शब्दात कशा नांदल्या याचे नवल ज्याने पेव पाहिले आहे त्यास वाटणार नाही: देशावरच्या कोरड्या जमिनीत खड्डा खणून, त्यास कडब्याचे अस्तर देऊन, धान्य भरून वरून मातीने तोंड लिंपले, की साठाही झाला आणि लपवणूकही झाली. या ‘कोन्देरे’स दूरत्वदर्शक उपसर्ग जोडून ‘आब्स्कोन्देरे’, म्हणजे दृष्टीआड नेऊन ठेवणे, हे रूप सिद्ध झाले.

पुढे रोमन साम्राज्य विस्कटले, आणि शब्दाची भावकी विभक्त झाली. स्पॅनिश व पोर्तुगीज यांच्याकडे ‘एस्कोन्देर’, इटालियनकडे ‘नास्कोन्देरे’, रुमानियनकडे ‘अस्कुन्दे’ अशा वाटण्या गेल्या. या घरांत तो आजही साधाभोळा आहे, आणि लिस्बनमधले पोर लपंडाव खेळते ते याच क्रियापदाने. फ्रेंचांनी लपविण्यासाठी दुसराच शब्द पत्करला आणि या घराण्याचे केवळ एक विशेषण दुर्बोध लिखाणाची हेटाळणी करण्यापुरते राखले. जुन्या फ्रेंचमध्ये मात्र मठवासी संन्याशांच्या, ज्योत आडोशाला ठेवणाऱ्या कंदिलास याच धातूवरून नाव पडले होते. त्याचाच इंग्रज वंशज ‘स्कॉन्स’, आज भिंतीवरच्या शोभिवंत दिव्याचे नाव होऊन बसला आहे. लपविण्यासाठी जन्मलेल्या शब्दाने अखेर उजेड पाडण्याची चाकरी धरावी, हा भाषेचा खट्याळपणा मला मोठा रुचतो. इंग्रजीत मूळ क्रियापद सोळाव्या शतकात शिरले. आरंभी त्याचा अर्थ नुसता लपणे असाच होता, परंतु कर्ज बुडवून पळणारे ऋणको आणि अदालती यांच्या सहवासात ते हळूहळू वॉरंट चुकविणाऱ्यांचे होऊन गेले.

आमच्या किनाऱ्यास हा शब्द इंग्रजांच्या आधीच, पोर्तुगिजांच्या गलबतांतून, लागला होता. त्या गलबतांतून मराठीने पाव घेतला, पगार घेतला, चावीदेखील घेतली, परंतु लपणे घेतले नाही. ती कला आपली आपणांस पुरेशी अवगत होती. शिवाय या कुळाची एक थोरली शाखा फार पूर्वीपासून आपल्याच घरात होती. ‘कोन्देरे’मधील मूळ धातू तोच, जो संस्कृतात ‘धा’ म्हणून आढळतो. ‘निधी’ म्हणजे खाली ठेवलेले, पुरलेले धन, आणि ‘अंतर्धान’ म्हणजे आत ठेवणे, दिसेनासे होणे, हे त्याचेच परिवार. पुराणातला देव वर देऊन अंतर्धान पावतो आणि आरोपी जामीन बुडवून ‘अ‍ॅब्स्कॉन्ड’ होतो, तेव्हा दोघे एकाच धातूच्या आश्रयास जातात. फरक एवढाच, की देवाच्या दारावर जाहीरनामा लागत नाही.

व्यवहारात मात्र मराठी कारकुनाने संस्कृताचा आधार घेतला नाही. त्याच्या दप्तरात दोन शब्द होते: अरबीतून फारसीच्या मार्गाने आलेला ‘फरारी’, म्हणजे पळालेला, आणि फारसी ‘परागंदा’, म्हणजे मूळ अर्थी विखुरलेला. या दोहोंतील अंतर ध्यानी घेण्याजोगे आहे. दुष्काळाने, फौजेच्या धामधुमीने किंवा कमाविसदाराच्या जाचाने रयत गाव टाकून गेली, तर ती परागंदा झाली असे लिहीत. तिच्यामागे शिपाई धाडण्यापेक्षा कौल धाडणे शहाणपणाचे मानीत, आणि इस्ताव्याने, म्हणजे पहिल्या वर्षी हलका व पुढे चढत जाणारा सारा ठरवून, तिला पुन्हा लावणीस आणीत. गेलेला कुणबी मिरासदार असला तर त्याचा हक्क सहसा बुडत नसे. कित्येक वर्षांनी तो किंवा त्याचा वारस परतला, तरी बाकी भागवून आपले थळ मागू शके. थळझाड्यात तर पूर्वी नांदून गेलेल्या कुळांच्या नावानेच जमिनी ओळखल्या जात, आणि वंश उरला नसल्यास ‘गतकूळ’ असा शेरा पडे. जो निघून गेला तो परत येणार, हे गृहीत धरून ठेवलेले ते दप्तर होते.

इंग्रजी कायद्याचे गृहीत उलटे: जो निघून गेला तो दोषी, आणि त्याची मिळकत सरकारजमा होण्याजोगी. डिंभ्याच्या वरच्या अंगास असलेल्या जांभोरीचे होनाजी केंगले, सरकारी कागदांतले ‘होन्या’, यांनी १८७३ पासून सावकारांविरुद्ध बंड आरंभिले, तेव्हा सरकारने त्यांच्या शिरावर एक हजार रुपयांचे इनाम लावले. तरी १८७६ च्या जुलैत मेजर डॅनियल या पोलीस सुपरिंटेंडेंटाच्या हाती लागेपर्यंत ते सापडले नाहीत. हा मुलूखच तशा कामाचा. कारवीचे रान माणसाच्या डोक्यावर जाते, पावसाळ्यात धुके हाताच्या अंतरावरचे दिसू देत नाही, आणि आहुपे घाटाने उतरले की खाली ठाणे जिल्हा, म्हणजे दुसऱ्या कलेक्टरचा अंमल, लागतो. पण रानापेक्षा मोठा आडोसा लोकांचा. भाकरी पोचविणारे हात असल्याखेरीज कपारीत कोणी तीन वर्षे काढीत नाही. त्यांच्यापूर्वीचे बंडकरी राघोजी भांगरे यांनी तर अखेरीस डोंगर सोडून गोसाव्याचा वेष घेतला होता. १८४८ च्या जानेवारीत ते पंढरपुरास पकडले गेले आणि त्याच वर्षी मे महिन्यात ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले.

पुढे घोड नदीवर डिंभ्याचे धरण झाले तेव्हा जे गाव तालुक्यास नाव देऊन गेले ते आंबेगावच पाण्याखाली गेले, आणि तेथील लोक जुन्या दप्तराच्या भाषेत परागंदा झाले. नवे दप्तर त्यांस ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणते. इकडे ‘अ‍ॅब्स्कॉन्ड’ने पुण्याच्या संगणक कंपन्यांत नवे बिऱ्हाड थाटले आहे. नोटिशीची मुदत न भरता, राजीनामाही न देता जो तरुण कामावर येणे थांबवितो, त्याच्या नावापुढे मनुष्यबळ विभाग हाच शेरा मारतो, आणि तो शेरा पुढच्या नोकरीच्या चौकशीत त्याच्या आड येतो. पोर दुसऱ्या कंपनीत उजळ माथ्याने बसलेले असते, कधी समोरच्याच इमारतीत; लपलेले मुळीच नसते. चढत्या साऱ्याचा कौल देऊन त्यास परत बोलावण्याची पेशवाई युक्ती मात्र अद्याप कोणा व्यवस्थापकाच्या वाचनात आलेली दिसत नाही.