अहेरी: पक्ष बदलतात, आमदार बदलतात, आडनाव बदलत नाही

'सुरक्षित मतदारसंघ' म्हटलं की एखाद्या पक्षाचा बालेकिल्ला डोळ्यांसमोर येतो. गडचिरोली जिल्ह्यातला अहेरी मतदारसंघ या व्याख्येत बसत नाही. २००९ पासून इथे अपक्ष, भाजप आणि राष्ट्रवादी असे सगळे जिंकले. तरीही निकालाच्या दिवशी एक गोष्ट आधीच ठरलेली असते: विजेत्याचं आडनाव आत्राम असतं.

हे कसं घडतं? आणि इथल्या मतदाराकडे निवडीला किती वाव उरतो?

मतदारसंघ कुठे आहे?

अहेरी हा राज्याच्या पूर्व टोकाचा, अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड आणि मुलचेरा हे तालुके त्यात येतात. पलीकडे तेलंगणा आणि छत्तीसगड. सिरोंच्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर दोनशे किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो.

२००८ च्या पुनर्रचनेआधी हा भाग 'सिरोंचा' मतदारसंघ म्हणून ओळखला जायचा. लोकसभेसाठी तो आता गडचिरोली-चिमूरमध्ये येतो.

मतदार एकसारखा नाही. भामरागड-एटापल्लीत माडिया गोंड, सिरोंच्यात तेलुगू बोलणारे, मुलचेऱ्यात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती. एकाच प्रचारसभेत सगळ्यांना कळेल अशी भाषा निवडणं हीच इथल्या उमेदवारापुढची पहिली अडचण.

राजघराण्याचं वजन कुठून आलं?

ब्रिटिश काळात अहेरी ही तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातली सर्वांत मोठी जमीनदारी होती. जमीनदारी गेली, पण 'राजे' हा मान राहिला. अहेरीचा दसरा आजही राजघराण्याचा म्हणूनच ओळखला जातो.

या मानाला राजकीय आकार दिला तो राजे विश्वेश्वरराव आत्राम यांनी. ते वेगळ्या विदर्भाचे समर्थक होते. १९७७ मध्ये ते चंद्रपूरचे खासदार झाले. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरोधात 'जंगल बचाओ, मानव बचाओ' आंदोलन उभं राहिलं, त्यातही ते आघाडीवर होते. त्यामुळे घराण्याचं नाव फक्त वाड्यापुरतं राहिलं नाही, ते जंगल आणि जमिनीच्या प्रश्नाशीही जोडलं गेलं.

पुढच्या पिढीत घराण्यातच दोन फळ्या झाल्या. एकीकडे विश्वेश्वररावांचे पुत्र सत्यवानराव आणि नंतर नातू अम्ब्रीशराव. दुसरीकडे धर्मरावबाबा आत्राम. १९९१ मध्ये आमदार असताना धर्मरावबाबांचं नक्षलवाद्यांनी अपहरण केलं होतं. ताब्यातल्या नक्षलवादी नेत्याला सोडल्यावर त्यांची सुटका झाली.

चार निवडणुका, चार निकाल

- २००९: अपक्ष दीपक आत्राम यांनी धर्मरावबाबांना हरवलं. दीपक यांचं आडनाव आत्राम असलं तरी ते राजघराण्यातले नाहीत. आदिवासी विद्यार्थी संघाच्या कामातून ते पुढे आले.
- २०१४: भाजपचे अम्ब्रीशराव सुमारे ५६ हजार मतं घेऊन जिंकले. राष्ट्रवादीचे धर्मरावबाबा दुसरे, दीपक आत्राम तिसरे.
- २०१९: राष्ट्रवादीचे धर्मरावबाबा सुमारे ६० हजार मतांसह विजयी. अम्ब्रीशराव आणि काँग्रेसचे दीपक आत्राम यांना प्रत्येकी ४३ ते ४५ हजारांच्या घरात मतं.
- २०२४: अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे धर्मरावबाबा सुमारे ५४ हजार मतांसह पुन्हा विजयी. अपक्ष अम्ब्रीशराव दुसरे, शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभ्या राहिलेल्या त्यांच्या कन्या भाग्यश्री आत्राम तिसऱ्या. म्हणजे लढत काका-पुतण्याची आणि बाप-लेकीचीही.

आकडे काय सांगतात?

पहिली गोष्ट: २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये पहिले तिन्ही उमेदवार आत्राम होते. आत्राम हे गोंड समाजातलं नेहमीचं आडनाव आहे, त्यामुळे प्रत्येक आत्राम राजघराण्यातला नसतो. पण या तिन्ही वेळा पहिल्या तिघांतले दोघे किंवा तिघेही राजघराण्यातले होते.

दुसरी गोष्ट: विजेत्यांचं मताधिक्य १५ ते २० हजारांचं, म्हणजे वरवर पाहता आरामाचं. पण तिन्ही वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवाराच्या मतांची बेरीज विजेत्यापेक्षा जास्त होती. इथला विजय विरोधी मतं फुटण्यावर उभा असतो. जागा सुरक्षित दिसते ती त्यामुळे.

तिसरी गोष्ट सहसा सुटते: २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही वेळा विद्यमान आमदार पडले. २०१९ मध्ये पडलेले अम्ब्रीशराव तर आदिवासी विकास राज्यमंत्री राहिलेले होते. आमदारकी टिकवणं जमलं ते २०२४ मध्येच. मतदार 'राजा' म्हणून मान देतो, पण आमदार म्हणून हिशेबही मागतो.

मग पक्षाचं काय?

विधानसभेला इथे पक्ष हा बऱ्याचदा उमेदवाराचा पत्ता असतो, ओळख नसते. लोकसभेचं गणित वेगळं. गडचिरोली-चिमूरमध्ये २००९ ला काँग्रेस, २०१४ आणि २०१९ ला भाजपचे अशोक नेते, तर २०२४ ला काँग्रेसचे नामदेव किरसान जवळपास १ लाख ४१ हजारांच्या फरकाने जिंकले. तिथे राज्यात आणि देशात वाहणारा वारा जाणवतो.

'नोटा'कडेही लक्ष द्यायला हवं. २०१४ आणि २०१९ च्या लोकसभेला या मतदारसंघात प्रत्येक वेळी सुमारे २४ हजार मतदारांनी ते बटण दाबलं.

मतदान कसं होतं?

नक्षलग्रस्त भाग म्हणून अहेरीत मतदान सकाळी ७ ते दुपारी ३ एवढ्याच वेळात होतं. दुर्गम केंद्रांवर कर्मचारी आणि यंत्रं हेलिकॉप्टरने पोहोचवली जातात. तरीही २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झालं, राज्याची सरासरी ६१ टक्क्यांच्या आसपास होती.

पुढे काय?

इथले प्रश्न आडनावापेक्षा मोठे झाले आहेत. एटापल्ली तालुक्यात सुरजागडची लोहखाण सुरू आहे. कोणाला त्यात रोजगार दिसतो, कोणाला जंगल जाताना दिसतं. सिरोंच्यात तेलंगणाच्या मेडीगड्डा बॅरेजच्या पाण्याने शेती बुडाल्याची शेतकऱ्यांची तक्रार आहे.

या दोन्ही प्रश्नांवर तीन आत्रामांपैकी कोणाची भूमिका काय, हे मतदाराला स्पष्ट कळलं तर निवड आडनावाच्या पुढे जाईल. २००९ मध्ये वाड्याबाहेरचा माणूस पक्षाच्या चिन्हाशिवाय निवडून आला होता. म्हणजे दार बंद नाही, फक्त ते रोज उघडत नाही.