मुळशीचें पाणी आणि मुंबईचा दिवा

सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यांत जें पाणी कोसळतें, त्याचा मोठा भाग पूर्वेकडे उतरून नद्यांच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास मिळतो. हें पाणी माथ्यावरच अडवावें, नळांतून कड्याखालीं कोंकणांत सोडावें आणि त्याच्या पडण्याच्या जोरावर वीज निर्माण करावी, ही कल्पना जमशेटजी टाटा यांच्या हयातींत सिद्धीस गेली नाहीं. १९०४ सालीं त्यांचें निधन झालें. १९१० सालीं त्यांच्या वारसांनीं त्यासाठीं कंपनी स्थापन केली आणि १९१५ सालीं खोपोलीच्या वीजगृहांतून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. दूरच्या खाणींतून कोळसा आणून धुराडीं पेटविणाऱ्या शहरास हा चमत्कारच वाटला. या विजेस धूर नव्हता, राख नव्हती. आणि तिचें सरपण दरवर्षीं आकाशांतून फुकट येत होतें. शिवाय भांडवल एतद्देशीयांचें. स्वदेशीच्या चळवळींत वाढलेल्या पिढीस याहून अभिमानास्पद असें दुसरें काय हवें होतें?

पण सरपण फुकट असलें तरी चूल मांडावयास जागा लागते. १९१९ सालीं टाटा पॉवर कंपनी निघाली आणि तिची दृष्टि पुणें जिल्ह्यांतील मुळशी पेट्याकडे वळली. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचें होतें. त्यामुळें पन्नासांहून अधिक गांवांस झळ पोंचणार होती व सुमारें अकरा हजार माणसांवर घरदार सोडण्याची पाळी येणार होती. मावळांतील हीं भातखाचरें आंबेमोहरासाठीं नांवाजलेलीं. पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून, माती धरून तयार केलेल्या खाचराची किंमत कागदावर मांडतां येते. परंतु त्या किंमतींत तसें खाचर दुसरीकडे मिळत नाहीं.

सरकारनें या कामासाठीं स्वतःची तिजोरी उघडली नाहीं. त्यानें कायद्याचें पुस्तक उघडलें. १८९४ च्या जमीन संपादनाच्या कायद्यांत खाजगी कंपनीसाठीं जमीन घेण्याचें एक स्वतंत्र प्रकरण होतें. काम लोकांस उपयुक्त ठरण्याचा संभव आहे, अशी सरकारची खात्री झाली म्हणजे पुरे होत असे. खर्च कंपनीनें सोसावा, सक्ति सरकारनें करावी. मालकास बाजारभाव आणि सक्तीबद्दल त्यावर शेंकडा १५ मिळावयाचे. सरकारी अंदाजपत्रकांत एकादी रक्कम वाढली तर तिच्यावर निदान प्रश्न विचारतां येतो. येथें विचारावयास आंकडाच नव्हता. योजनेचा जो सर्वांत मोठा खर्च, तो अंदाजपत्रकाबाहेर राहून मुळशीकरांच्या नांवें पडला. ‘लोकांस उपयुक्त’ या शब्दांतील लोक कोणते, हेंहि त्यांस कोणी विचारलें नाहीं.

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, सत्याग्रहास प्रारंभ झाला. मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. त्यांच्या पाठीशीं विनायकराव भुस्कुटे होते आणि पांडुरंग महादेव बापट होते. बापट युरोपांत बाँबची विद्या शिकून आलेले. मुळशीनें त्यांस ‘सेनापति’ केलें. कंपनीनें सहा महिने काम तहकूब ठेवलें, पण वर्षअखेरीस लढा पुन्हां पेटला, आणि पुरुषांबरोबर स्त्रियाहि तुरुंगांत गेल्या.

खरी कसोटी मात्र पुण्यामुंबईच्या पुढारी वर्गाची लागली. हीच सक्ति एकाद्या विलायती कंपनीसाठीं झाली असती, तर निषेधाच्या सभांस तोटा पडला नसता. येथें कंपनी स्वदेशी होती. तेव्हां कालपर्यंत सरकारच्या तोंडीं ढोंग वाटणारा ‘लोकहित’ हा शब्द आतां अनेकांस पटूं लागला. मुळशींतील पुष्कळ जमिनीवर पुण्याच्या सावकारांचा हक्क बसलेला होता. त्यांच्या दृष्टीनें वाद जमिनीचा नसून भावाचा होता. मोबदल्याची बोलणीं सुरू होतांच त्यांचा विरोध सैल पडला. गांधीजींनीं मात्र २७ एप्रिल १९२१ च्या ‘यंग इंडिया’ंत टाटांस विनविलें, कीं कायदेशीर हक्कावर न विसंबतां लोकांशींच विचारविनिमय करावा. एकाहि गरीबाच्या इच्छेविरुद्ध मिळणारें वरदान काय कामाचें, असा त्यांचा सवाल होता.

कंपनीची बाजू पोकळ होती असें नव्हे. कोळशाची बचत खरी होती, शहराच्या हवेंतील धूर कमी होणार होता हेंहि खरें होतें. पण लाभ खरा असला म्हणजे तो मिळविण्याची रीत न्याय्य ठरते, असें नाहीं. आणि हा भेद त्या वेळीं फारच थोड्यांनीं केला. मुळशीकर एकाकी पडले व लढा विस्कटला. १९२४ च्या अखेरीस बापटांनीं अहिंसेचा मार्ग सोडून धरणाच्या कामाची आगगाडी अडविली, हत्यार चालविलें आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें. मुळशीचें पाणी दीड हजार फुटांहून अधिक खालीं कोसळून कुंडलिकेस मिळूं लागलें आणि त्यांतून निघालेली वीज तारांवरून मुंबईस गेली.

१८९४ चा कायदा स्वतंत्र भारतांतहि चालू राहिला. २०१३ सालीं त्याच्या जागीं नवा कायदा मंजूर झाला, आणि खाजगी कंपनीसाठीं जमीन घेतांना बाधित कुटुंबांपैकीं शेंकडा ८० कुटुंबांची पूर्वसंमति आवश्यक ठरली. मुळशीच्या खाचरांतून उठलेला प्रश्न कायद्याच्या कानीं पडावयास ९२ वर्षें लागलीं. दरम्यान पश्चिमेस वळविलेल्या पाण्यावर भीमेच्या खोऱ्यांतील अवर्षणग्रस्त प्रदेशानें आपलाहि हक्क सांगितला आहे.

आतां कोळशास पर्याय म्हणून वारा व सूर्य यांच्याकडे पाहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. पण त्यांसहि माळ लागतात, डोंगर लागतात, आणि त्या माळांवर कोणाचीं तरी गुरें चरत असतात. वाऱ्याचें व उन्हाचें बिल येत नाहीं हें खरें. परंतु जागेचें बिल येतें, आणि तें कोणाच्या नांवें फाडलें जातें, हें पाहण्याचें काम दिव्याखालीं बसून वाचणाऱ्यांचें आहे.