‘शेतकऱ्यांना’ या शब्दात अक्षरं किती?

आजची पोस्ट थोडी लांब आहे आणि विषय वरवर बघता रुक्ष आहे. पण तो थेट आपल्या कागदपत्रांपर्यंत येतो, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत ॲस्की नावाची यादी ठरली. त्यात १२८ जागा. ५२ जागा इंग्रजीच्या लहान-मोठ्या अक्षरांना, १० अंकांना, बाकीच्या विरामचिन्हांना आणि हुकमांना. हुकूम म्हणजे एंटर, टॅब, एस्केप. एंटरचा नंबर १३, टॅबचा ९. कंट्रोल दाबून ‘एम’ दाबलं तरी १३ च तयार होतो, म्हणून जुन्या मशीनला ते एंटरच वाटायचं. प्रत्येक खुणेला नंबर आणि प्रत्येक नंबराला जात: हे अक्षर, हा अंक, ही मोकळी जागा. या यादीत आपला ‘क’ कुठंच नव्हता.

मग आपल्या लोकांनी काय केलं? आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम सुरू झालं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि ते काम जिस्ट या नावानं इथं वाढलं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड याच काळातला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ‘क’ची कळ मराठीत जिथं, तिथंच गुजरातीत आणि कन्नडमध्येही. ‘मुळशी’ लिहायला पाच ठोके: म, उकार, ळ, श, दीर्घ ईकार. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. इनस्क्रिप्टमध्ये ती नंतर, जशी आपण बोलतो तशी. १९९१ साली भारतीय मानक ब्युरोनं इस्की नावाचं मानकही काढलं.

म्हणजे पाया आपल्या जिल्ह्यातच पक्का घातला गेला होता. पण गावोगावच्या डीटीपीच्या दुकानांत भलतंच चाललं. तिथं फाँट आले. त्यांची युक्ती साधी होती. फाईलमध्ये इंग्रजीचीच अक्षरं आणि चिन्हं ठेवायची, फक्त वरून देवनागरीचा सदरा चढवायचा. कागदावर छापलं की उत्तम मराठी. फाँट काढला की आत नुसता गोंधळ. प्रत्येक कंपनीचा सदरा वेगळा, त्यामुळं एकाची फाईल दुसऱ्याकडं उघडेना.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी या धंद्यात आलो तेव्हा सगळीकडं हेच होतं. ज्या साप्ताहिकात मी सुरुवात केली, तिथल्या कित्येक वर्षांच्या बातम्या सीडीवर आहेत. त्यात पौडच्या ग्रामसभा आहेत, ताम्हिणी घाटातल्या दरडी आहेत, हिंजवडीच्या भूसंपादनाची आंदोलनं आहेत. आज ‘पौड’ असं शोधलं तर एकही बातमी सापडत नाही, कारण मशीनच्या लेखी त्या फायलींत पौड नाहीच.

यावर उत्तर युनिकोड. १९९१ मध्ये पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्या एका यादीत, आणि देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली. पण इथंही वर्गवारीचा प्रश्न आला. युनिकोडमध्ये म, ळ, श ही ‘अक्षरं’, पण उकार आणि वेलांटी ही ‘चिन्हं’. त्यामुळं एखाद्या प्रोग्रॅमरनं ‘शब्द म्हणजे अक्षरं आणि अंक’ एवढाच नियम लिहिला, तर ‘मुळशी’चे ‘म’ आणि ‘ळश’ असे दोन तुकडे पडतात. त्याला आपण आडवे येतोय, हे त्याच्या गावीही नसतं.

नावांचंही तसंच. पाय मोडायच्या खुणेला तिथं ‘विराम’ म्हणतात. आपला ‘ऱ’ यादीत आहे, पण तो द्रविड भाषांतला उच्चार दाखवण्यासाठी, असं तिथं लिहिलंय. आपला ऱ्यातला आडवा ‘र’ त्याच नोंदीत खाली. हा ‘र’ क्षुल्लक नाही. आचार्यास म्हणजे गुरूला, आचाऱ्यास म्हणजे स्वयंपाक्याला. ‘ॲ’ला तर स्वतःची जागा मिळायला २००८ उजाडलं. मोडीला २०१४ मध्ये मिळाली, आणि आपल्याकडच्या जुन्या पेट्यांतले किती कागद मोडीत आहेत हे तुम्हाला सांगायला नको.

आता मथळ्यातला प्रश्न. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दात मशीनच्या हिशोबानं ११ खुणा आहेत: सहा अक्षरं, पाच चिन्हं. पण तोच शब्द साध्या ‘र’ला पायमोड आणि एक न दिसणारी जोडखूण देऊनही लिहिता येतो. मग होतात १२. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोध नीट केलेला नसेल तर मशीनसाठी वेगळे. गावकऱ्यांना, अधिकाऱ्यांना, वारकऱ्यांना, सगळ्यांची हीच गत. यादीत शब्द असतो, शोधल्यावर सापडत नाही, आणि समोरचा सांगतो, ‘सिस्टीममध्ये दिसत नाही.’ त्यात हिंजवडी आणि हिंजेवाडी अशी दोन रूपं चालतात ती वेगळीच.

१९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीत सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा लढाई जमिनीची होती. जमिनीचा हक्क तेव्हाही नोंदीवर ठरायचा, आजही ठरतो. कागदावरची नोंद निदान डोळ्यांनी वाचता यायची. मशीनमधली नोंद शोधून सापडली नाही, तर ती असून नसल्यासारखीच.

गंमत बघा, जगाचं सॉफ्टवेअर लिहिणारं हिंजवडी आणि माणचं आयटी पार्क आपल्याच तालुक्यात आहे. तिथल्या पोरांना हे काम अवघड नाही. आपण मागायचं एवढंच: ग्रामपंचायतीचे ठराव आणि याद्या फोटो काढून टाकू नका, युनिकोडमध्ये टाका. आडवा ‘र’ एकाच पद्धतीनं लिहा, आणि शोधात दोन्ही रूपं धरा. शाळेत इनस्क्रिप्ट शिकवा. आणि ज्यांच्याकडं जुन्या फाँटमधल्या फायली आहेत, त्यांनी त्या सीडी भंगारात घालू नका. त्या फाँटचं नाव माहीत असेल तर मजकूर युनिकोडमध्ये बदलता येतो. पण नाव माहीत असणारी माणसं आता दुकानं बंद करून घरी बसलीत. त्यांना आत्ताच विचारून घ्या.